छंदाची माती आणि व्यवसायाची भट्टी

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात लंडनमधील हाँगकाँग अँड शांघाय बँकेच्या कचेरीत विशीतला एक कारकून काम करीत असे. घरच्यांच्या इच्छेखातर त्याने ती नोकरी पत्करली होती. मन मात्र चित्रकलेत गुंतलेले होते. अल्पावधीतच त्याने बँकेला रामराम ठोकला, एचिंगचे शिक्षण घेतले आणि १९०९ साली जपान गाठले. तेथे १९११ मध्ये एका मेळाव्यात पाहुण्यांना रंगविण्यासाठी मातीची भांडी देण्यात आली. रंगवून झाल्यावर ती तेथल्या तेथे छोट्या भट्टीत भाजून लालबुंद असतानाच बाहेर काढण्यात आली. आपल्या हातचे भांडे असे डोळ्यांदेखत तयार झालेले पाहून हा तरुण इतका भारावला, की केन्झान परंपरेतील एका वृद्ध गुरूकडे जाऊन तो कुंभारकाम शिकू लागला. त्याचे नाव बर्नार्ड लीच. पुढे १९२० साली शोजी हामादा या जपानी सहकाऱ्यासह त्याने इंग्लंडमधील सेंट आइव्ज या गावी आपला स्टुडिओ स्थापन केला आणि १९४० साली ‘अ पॉटर्स बुक’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. पाश्चात्त्य जगातील स्टुडिओ पॉटरीचा जनक म्हणून आज त्याचा उल्लेख होतो.

बँकेतील खुर्ची सोडून चाकापुढे बसलेल्या माणसाची ही कथा येथवरच सांगितली, तर ती फार सुंदर वाटते. बहुतेक जण ती येथवरच सांगतात. कर्ज विभागात काम करणाऱ्या माझ्यासारख्याला मात्र तिच्या उत्तरार्धात अधिक रस आहे.

सेंट आइव्जचा तो स्टुडिओ पहिली अनेक वर्षे आर्थिकदृष्ट्या डळमळीतच होता. भट्टी लाकडावर चाले, भाजणीत बराच माल वाया जाई आणि डार्टिंग्टनच्या एल्महर्स्ट दांपत्यासारख्या आश्रयदात्यांच्या मदतीवर गाडा रेटला जाई. लीच यांची कीर्ती वाढत होती, खतावणी मात्र त्या कीर्तीला साथ देत नव्हती. हे चित्र पालटले ते त्यांचे चिरंजीव डेव्हिड यांच्यामुळे. १९३०च्या दशकात डेव्हिड यांनी स्टोक या कारखानदारीच्या शहरात जाऊन कुंभारकामाच्या व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम पूर्ण केला. वडिलांना ते फारसे रुचले नव्हते. परतल्यावर डेव्हिड यांनी भट्टी तेलावर आणली, अधिक उष्णतेवर भाजल्या जाणाऱ्या टिकाऊ स्टोनवेअरकडे मोर्चा वळविला, शिकाऊ कारागीर नेमले आणि रोजच्या वापरातील ठरावीक भांड्यांची एक मालिका निश्चित केली. पेले, वाडगे, सुरया, झाकणाची भांडी यांचे आकार ठरलेले, किमती ठरलेल्या आणि सचित्र सूची पाहून टपालाने मागणी नोंदविण्याची सोय. ‘स्टँडर्ड वेअर’ या नावाने ही भांडी ओळखली जात. संग्रहालयांतून मांडलेल्या लीच यांच्या एकमेवाद्वितीय कलाकृतींमागे या साध्या, शेकड्यांनी घडविलेल्या भांड्यांचा पैसा उभा होता.

हे सारे विस्ताराने सांगण्याचे कारण असे, की आमच्या पावर हाउस परिसरातही हाच प्रश्न निराळ्या वेशात समोर येतो. मातीकामाचे वर्ग आता महानगरांपुरते उरलेले नाहीत. कोणी सुटीच्या दिवशी शिकू लागते, घरात एक विजेचे चाक येते, दिवाळीत ओळखीपाळखीत पन्नास-साठ पेले खपतात आणि मनात विचार डोकावतो, की हेच पूर्णवेळ का करू नये? कोणाची निवृत्ती दोन वर्षांवर आलेली असते, कोणी खासगी नोकरीला विटलेले असते, कोणा गृहिणीची मुले शिक्षणासाठी बाहेरगावी गेलेली असतात. अशा व्यक्तींचे प्रश्न सहसा दोन असतात : नोकरी सोडावी का, आणि कर्ज किती मिळेल? माझ्या मते हे दोन्ही प्रश्न नंतरचे. पहिला प्रश्न असा, की आपला एक पेला आपल्याला केवढ्याला पडतो?

या प्रश्नाचे उत्तर चुकते, आणि जवळजवळ नेहमी एकाच पद्धतीने चुकते. उदाहरणादाखल काही आकडे घेऊ. ते केवळ हिशेब समजण्यापुरते आहेत. प्रत्येकाने त्या जागी आपले आकडे घालावेत. समजा, एका खेपेत १०० पेले घडविले. ४० किलो माती, दर किलोला ३० रुपयांप्रमाणे १,२०० रुपये. झिलईचे साहित्य ८०० रुपये. दोन भाजण्यांचा गॅस ४,००० रुपये. छंद म्हणून काम करणारा माणूस येथे थांबतो. एकूण ६,००० रुपये, म्हणजे पेला ६० रुपयांना पडला. १५० रुपयांना विकला तर ९० रुपये नफा! परंतु घडविणे, तासणे, कान लावणे, झिलई चढविणे, भट्टी भरणे यांत ६० तास गेले, त्यांचे काय? तासाला अवघे १०० रुपये धरले तरी ६,००० रुपये होतात. भट्टी ३ लाख रुपयांची असेल आणि तिच्यातून १० वर्षांत ३०० भाजण्या होणार असतील, तर दर भाजणीस १,००० रुपये घसारा, दोन भाजण्यांचे २,००० रुपये. जागेचे भाडे आणि वीज यांचा वाटा २,००० रुपये. जागा स्वतःची असली तरी तो धरावाच. एकूण खर्च १६,००० रुपये झाला. आणि १०० पेल्यांपैकी विक्रीयोग्य किती निघाले? वाळताना ६ तडकले, कच्च्या भाजणीत ४ गेले, झिलईच्या भाजणीत १० बिघडले. उरले ८०. म्हणजे पेला पडला २०० रुपयांना. कर्जावरील व्याज तर यात अद्याप आलेलेच नाही.

आता १५० रुपयांनी ८० पेले विकून हाती १२,००० रुपये आले आणि माती, झिलई, गॅस यांचे ६,००० वजा जाता ६,००० रुपये रोख शिल्लक दिसले, तर कोणालाही आनंदच होईल. वस्तुतः ही रक्कम म्हणजे त्या व्यक्तीची स्वतःची मजुरी आहे, तीही मोलमजुरीच्या दराने. भट्टीची झीज आणि जागेचे भाडे यांचे ४,००० रुपये कोठूनही वसूल झालेले नाहीत. दुकानदार विक्रीवर ४० टक्के कापून घेत असेल, तर निव्वळ ना नफा ना तोटा या बिंदूवर येण्यासाठी तोच पेला ३३३ रुपयांना विकावा लागेल. पगार चालू असतो तोवर ही तूट कोणाच्या ध्यानात येत नाही, कारण ती पगारातून भरून निघत असते. नोकरी सोडली की पहिल्याच वर्षी ती उघडी पडते.

फुटतूट हा अपघात समजण्याची चूकही सर्रास आढळते. माती ही मोठी हट्टी वस्तू आहे. ओल्या मातीचे भांडे वाळून आणि भाजून पूर्ण होईपर्यंत साधारण दहा ते बारा टक्के आकसते. कान आधी वाळला आणि पोट मागाहून, तर सांध्यावर चीर पडते. ओलसर भांडे घाईने भट्टीत गेले, तर आतल्या पाण्याची वाफ होऊन ते फुटते. मातीतील गारेचा अंश ५७३ अंश सेल्सिअसला आपली रचना एकाएकी बदलतो; त्या टप्प्यावर तापविणे किंवा निवविणे घाईचे झाले, तर भांडे तडकते. पारंपरिक आव्यातील तांबडी भांडी हजार अंशांच्या आतच भाजली जातात. स्टोनवेअरसाठी मात्र १,२०० ते १,३०० अंश गाठावे लागतात. तेथे झिलई वितळून काचेसारखी होते आणि जरा अधिक ओघळली, तर भांडे फळीला चिकटून बसते. उत्सुकतेपोटी भट्टी लवकर उघडणाऱ्यांचे नुकसान तर निराळेच. निष्णात कारागिराच्या भट्टीतही काही माल जातोच. म्हणून माझ्यापुढे येणाऱ्या अर्जात ‘तूटफूट : काही नाही’ असा उल्लेख असला, की अर्जदाराने अजून पुरेशा भट्ट्या लावलेल्या नाहीत, असा निष्कर्ष मी काढतो.

आपल्या देशातील ज्येष्ठांची उदाहरणे पाहिली, तरी घाईला कोठे थारा दिसत नाही. सरदार गुरुचरणसिंग १९१९ साली जपानला कुंभारकाम शिकण्यासाठी गेले. लीच आणि हामादा यांच्याशी त्यांचा स्नेह तेथलाच. परंतु ‘दिल्ली ब्लू’ हा त्यांचा स्वतंत्र स्टुडिओ उभा राहिला तो १९५२ साली, नोकरीची वर्षे मागे टाकल्यावर, वयाच्या पन्नाशीनंतर. १९९१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पुदुच्चेरी येथे १९७१ साली रे मीकर आणि डेबोरा स्मिथ यांनी ‘गोल्डन ब्रिज पॉटरी’ सुरू केली. तेथेही स्थानिक कारागिरांना शिकवून जेवणाखाण्याची नित्योपयोगी भांडी घडविणे हा कामाचा कणा राहिला. भारतातील आजचे कितीतरी स्टुडिओ कुंभार तेथूनच शिकून बाहेर पडले. मराठी वाचकांनी आवर्जून लक्षात ठेवावे असे नाव म्हणजे निर्मला पटवर्धन. शांतिनिकेतन, जर्मनी आणि लीच यांचा स्टुडिओ असा प्रवास केलेल्या या कलावतीने भारतात मिळणाऱ्या कच्च्या मालावर झिलईचे असंख्य प्रयोग केले आणि ते इंग्रजी पुस्तकाच्या रूपाने सर्वांसाठी खुले केले. कृती गुप्त ठेवण्याच्या आपल्या परंपरेत हे औदार्य विरळाच. त्या पुस्तकामुळे नवख्यांच्या किती भट्ट्या वाया जाण्यापासून वाचल्या असतील, याची गणती कोणत्याही ताळेबंदात सापडणार नाही.

शिकण्यासाठी पुदुच्चेरीपर्यंत जाणे प्रत्येकाला शक्य नसते, हेही खरे. भिलाईहून तुलनेने जवळ, चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावती येथे गांधीवादी कार्यकर्ते कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी उभारलेल्या ग्रामोदय संघाने ग्रामीण कुंभारकामाला नव्या तंत्राची जोड दिली. बेळगाव जिल्ह्यातील खानापूर येथे खादी व ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाची प्रशिक्षण संस्था आहे. आपल्या आप्तेष्टांपैकी कोणी त्या बाजूस असतील, तर चौकशी अवश्य करावी.

येथे एक नाजूक मुद्दा येतो, तो टाळणे योग्य होणार नाही. दुर्ग जिल्ह्यातील थनौद हे गाव मूर्तिकारांचे गाव म्हणून प्रसिद्ध आहे. गणेशोत्सव आणि नवरात्र जवळ आले, की तेथील चक्रधारी कुटुंबांच्या अंगणात मूर्तींची दाटी होते. कोंडागावच्या कुम्हारपारा येथील अशोक चक्रधारी यांनी घडविलेला, वरच्या पात्रातून आपोआप तेल पाझरणारा दिवा २०२० साली देशभर गाजला. ही मंडळी छंदातून या कामात आलेली नाहीत. त्यांच्या हातांत पिढ्यांचे कौशल्य आहे, परंतु पेल्याला चढा भाव देणारे शहरी गिऱ्हाईक नाही. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेली पीएम विश्वकर्मा योजना अशांसाठीच आहे. कुंभारकाम हा तिच्यातील १८ परंपरागत व्यवसायांपैकी एक. प्रशिक्षणानंतर पहिल्या टप्प्यात १ लाख आणि दुसऱ्या टप्प्यात २ लाख रुपयांपर्यंत विनातारण कर्ज ५ टक्के व्याजाने मिळते, शिवाय अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचे साहाय्य असते.

स्वस्त व्याज पाहून छंदातून आलेल्या अर्जदारालाही या योजनेचा मोह होतो. नावनोंदणीसाठी शब्द टाकण्याचा आग्रहही होतो. माझे मत स्पष्ट आहे : ती रांग त्यांची नव्हे. ज्यांच्या घरात चाक वंशपरंपरेने फिरत आले, त्यांच्यासाठी राखलेल्या निधीत पेन्शनर अभियंत्याने किंवा सुस्थितीतील गृहिणीने वाटा मागू नये आणि आम्हा बँक कर्मचाऱ्यांनीही उद्दिष्टपूर्तीच्या भरात तसे अर्ज पुढे सरकवू नयेत. स्टुडिओ काढू इच्छिणाऱ्यांसाठी २०१५ पासून मुद्रा योजना आहे. तीत शिशु गटात ५०,००० रुपयांपर्यंत, किशोर गटात ५ लाखांपर्यंत आणि तरुण गटात १० लाखांपर्यंत कर्ज तारणाविना मिळू शकते. तरुण गटातील कर्ज यशस्वीपणे फेडणाऱ्यांसाठी २०२४ पासून ही मर्यादा २० लाखांपर्यंत वाढविण्यात आली आहे. चाक, भट्टी, माती मळण्याचे यंत्र आणि खेळते भांडवल या सर्वांचा विचार त्यात होऊ शकतो.

यापुढचे माझे म्हणणे काही वाचकांना उलटे वाटेल. पोलाद कारखान्याच्या या नगरीत निवृत्तीच्या वेळी भविष्य निर्वाह निधी आणि उपदान यांची मोठी रक्कम एकदम हाती येते. ‘कर्ज कशाला, घरचेच पैसे घालतो’ हा विचार स्वाभिमानाचा असला, तरी मला तो धोक्याचा वाटतो. घरच्या पैशाला जाब विचारणारे कोणी नसते. पहिली भट्टी लहान पडली म्हणून दुसरी येते, मग शेड, मग आयात केलेले रंग. तीन वर्षांनी ठेव निम्मी झालेली असते आणि नेमके कोठे चुकले हे सांगणारा कागद घरात नसतो. याउलट, माफक कर्जाचा मासिक हप्ता दर महिन्याला हिशेबाला बसवतो. उतारवयातील औषधपाण्याची रक्कम भट्टीत घालू नये, हे मी कर्ज विकणाऱ्या खात्याचा अधिकारी म्हणून सांगत नाही. असा सल्ला दिल्याने काही वेळा अर्जदार कर्जाचाही नाद सोडतो आणि माझा एक अर्ज कमी होतो.

मग नोकरी केव्हा सोडावी? ओळखीच्या माणसांनी केलेली पहिली खरेदी मी फारशी मोजत नाही. त्यात कौतुकाचा भाग अधिक असतो. जिच्याशी आपली ओळख नाही अशी व्यक्ती तोच पेला दुसऱ्यांदा मागते, सहाचे बारा करून मागते, तेव्हा ती मागणी खरी. अशा मागण्या सुट्यांच्या दिवसांत पुऱ्या होईनाशा झाल्या आणि किमान वर्षभराचा, स्वतःची मजुरी धरून लिहिलेला हिशेब हाती असला, म्हणजे विचार करायला हरकत नाही. त्याचबरोबर एकसारखे शंभर पेले घडविण्याचा कंटाळा येतो की काय, हेही स्वतःला विचारून पाहावे. कित्येकांना येतो, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. त्यांनी छंद म्हणूनच माती हाताळावी. त्या आनंदाला ताळेबंद लागत नाही.

व्यवहाराच्या काही गोष्टी अर्जापूर्वीच तपासाव्यात. निवासी भागात भट्टीला परवानगी लागते, विजेच्या मोठ्या भट्टीला थ्री-फेज जोडणी लागते आणि घरगुती वापराचा गॅस सिलिंडर या कामी वापरणे बेकायदा आहे. साधी मातीची मडकी आणि पणत्या वस्तू व सेवा करातून मुक्त असल्या, तरी झिलईदार स्टोनवेअर भांड्यांवर कर आहे. त्यामुळे सल्लागाराला आधी विचारावे. खाण्यापिण्याच्या भांड्यांना शिसेयुक्त झिलई वापरू नये. कोरड्या मातीची आणि गारेच्या पुडीची धूळ वर्षानुवर्षे श्वासावाटे आत गेल्यास फुप्फुसांचा असाध्य विकार जडतो, तेव्हा कार्यशाळा केराने झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसून घ्यावी.

भिलाईकरांना एक लाभ मात्र अनायासे मिळालेला आहे. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते येथील पहिल्या झोतभट्टीचा शुभारंभ झाला, तेव्हापासून या गावाला आगीची भाषा ठाऊक आहे. उष्णतारोधक विटांचा कारखाना येथे आहे. भट्टीचे अस्तर, तापमापक, बर्नर यांवर आयुष्य घालविलेली निवृत्त माणसे येथे आहेत. परगावाहून तयार भट्टी मागविण्यापूर्वी अशा एखाद्या जाणत्या गृहस्थास जागा दाखवावी आणि त्यांच्या देखरेखीखाली येथेच भट्टी बांधता येईल का, ते पाहावे. प्रकल्प खर्चात होणारी बचत पुढे हप्त्यातही दिसते.

शेवटी माझ्या सहकाऱ्यांसाठी थोडे. पावसाळ्यात छत्तीसगडच्या हवेत भांडी लवकर वाळत नाहीत, उत्पादन मंदावते; विक्री बव्हंशी दिवाळीपासून पुढच्या थंडीच्या महिन्यांत होते. जून महिन्यात कर्ज वाटून जुलैपासून समान हप्ते लावले, तर चांगले खातेही वर्षअखेर थकबाकीत जाईल. भट्टी उभी राहून पहिली विक्रीयोग्य खेप निघेपर्यंत मुद्दलाच्या परतफेडीस सवलत द्यावी आणि हप्ते हंगाम पाहून बसवावेत. अर्जदारांनीही आपल्या कामाचे हे वेळापत्रक पहिल्याच भेटीत लिहून आणावे. आमच्या छापील अर्जात त्यासाठी रकाना नाही, कोऱ्या कागदावर चालेल.